लहान हातांचे काम



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मजकडे आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी 'बालवाडीतील शिक्षण' असे सांगताच ते क्षणभर घुटमळले. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत, फार तर नव्या कामगार संहिता यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यात त्यांची चूक नव्हती. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. बालशिक्षणाचा मी पंडित नाही. अध्यापक विद्यालयाची पायरी मी कधी चढलो नाही. शाळेच्याही सात पायऱ्या चढलो आणि खाली उतरलो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. संप लांबत गेला, घरातली भांडी एकेक करून बाजारात गेली आणि माझे दप्तर खुंटीला लागले. पुढचे शिक्षण म्हणाल तर दिवसा यंत्रदुरुस्तीच्या दुकानात पाने-पकडी आणि रात्री कामगार कल्याण केंद्राच्या ग्रंथालयातील दिव्याखाली मिळेल ते पुस्तक.

असा माणूस तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी बोलायला का उभा राहिला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी अंगणवाडी सेविकांची एक सभा होती. मानधनवाढीच्या मागणीवर मी तासभर बोललो. टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर एक सेविका जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आमच्यासाठी भांडता, त्याचे उपकार आहेत. पण आम्ही नेमके काय काम करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे का? एक दिवस येऊन बसा. फक्त बोलू नका."

मला ते लागले. गिरणीकामगारांच्या संघटनेत साच्याची ओळख नसलेला पुढारी आम्हाला कधी चालला नसता. आणि या बायांचा पुढारी म्हणून मिरवणाऱ्या मी त्यांचे खाते कधी आतून पाहिले नव्हते! मी गेलो.

पत्र्याची एक खोली. बावीस मुले. भिंतीशी सतरंज्या, एका फळीवर डबे, चिंचोके, शंख-शिंपले, कापडाचे तुकडे, सुतळी. चार वर्षांचा एक मुलगा फळीकडे गेला आणि आठ लहानमोठे डबे व त्यांची झाकणे उचलून सतरंजीवर बसला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. तो एकेका डब्यावर झाकण बसवू लागला. सहा बसली. सातवे मात्र आत पडत होते, आणि आठव्या डब्याला झाकण पुरत नव्हते. मी सवयीने हात पुढे केला. सेविकाबाईंनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवले. मुलाने सगळी झाकणे काढली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटे तो त्या कामात होता. शेवटी आठही झाकणे बसली, तेव्हा शाबासकीसाठी त्याने कोणाकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळी झाकणे काढली आणि तेच काम आणखी एकदा केले.

दुसरी गोष्ट मी पाहिली ती अशी. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती. तिला तेच डबे हवे होते. डब्यांचा संच एकच. तिने ओढाताण केली नाही. तो डबे फळीवर ठेवीपर्यंत ती थांबली, मग तिने ते घेतले. चार वर्षांची पोर! आमच्या संघटनेच्या सभांत ध्वनिक्षेपकासाठी पन्नाशीची माणसे झोंबताना मी पाहिली आहेत.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारले, "यात शिकवले कोणी?" त्या म्हणाल्या, "झाकणाने शिकवले. मी बोलले असते तर त्याने माझे ऐकले असते. मग त्याने झाकणाकडे कशाला पाहिले असते?"

या एका उत्तरामागे किती मोठा इतिहास उभा आहे, हे मला पुढे वाचताना कळले. तो तुमच्यापुढे थोडक्यात ठेवतो.

तुम्ही गावोगावी 'मॉंटेसरी' अशी पाटी पाहता. पाटी पाहून वाटते की हे श्रीमंतांच्या लेकरांचे काही लाड असावेत. प्रत्यक्षात डॉक्टर मारिया मॉंटेसरीबाईंचे पहिले 'बालगृह' ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या मजूरवस्तीत, एका चाळीत उघडले. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली पोरे भिंती रंगवीत, जिन्यांची नासधूस करीत. इमारतींच्या मालक कंपनीला भिंतींची काळजी पडली होती, म्हणून तिने पोरांना एका खोलीत सांभाळण्याची योजना केली. मालकांचा हेतू एवढाच. म्हणजे ज्या पद्धतीचे नाव आज मोठमोठ्या फीच्या पावत्यांवर छापले जाते, ती पद्धत तुमच्या-आमच्यासारख्यांच्या चाळीत जन्मली.

मॉंटेसरीबाई डॉक्टर होत्या. मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी जी साधने योजली होती, त्यांचा अभ्यास करून बाईंनी आपली साधने बनवली. त्यांतली दट्ट्यांची पेटी पाहा. एका लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटचा दट्टा बसत नाही. चूक झाली हे बाईंना सांगावे लागत नाही, दट्टाच सांगतो. माझ्या अंगणवाडीतल्या डब्या-झाकणांचे हेच तत्त्व होते. पेटी विकत घ्यायला पैसे नसतील तर डबे पुरतात, पण तत्त्व ठाऊक असावे लागते.

मुलांनी आपले काम आपण निवडावे, हेही कोणा पंडिताने खोलीत बसून ठरवले नाही. मॉंटेसरीबाईंनीच लिहून ठेवले आहे. साधने कपाटात कुलपात असत आणि शिक्षिका ती काढून वाटीत असे. एके दिवशी कपाट उघडे राहिले आणि शिक्षिका उशिरा आली. पाहते तो मुलांनी आपापली साधने काढून घेतलेली! शिक्षिकेला ती चोरी वाटली. मॉंटेसरीबाईंना मात्र दिसले की कोणते काम हवे हे मुलांना कळते आहे. पुढे कपाटे ठेंगणी झाली आणि त्यांची कुलपे गेली.

बालकाला मोकळे सोडण्याची भीती राज्यकर्त्यांनाही वाटते. मॉंटेसरीबाईंच्या आधी जर्मनीत फ्रोबेलने खेळातून शिकण्याची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांचा बगीचा, असे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बगीच्यांवर बंदी घातली. ती उठायला १८६० उजाडले, आणि फ्रोबेल तर १८५२ सालीच वारला. याच्या उलट उदाहरण इटलीतील रेज्जो एमिल्या या शहराजवळच्या एका खेड्याचे. १९४५ मध्ये युद्ध संपले. जर्मन सैन्य जाताना मागे टाकून गेलेला रणगाडा, मालमोटारी आणि घोडे गावकऱ्यांनी विकले आणि त्या पैशांतून स्वतः विटा वाहून बालशाळा बांधली. रणगाडा विकून बालवाडी! त्या परिसरातील बालशाळांना आज जगभरातून माणसे भेट देतात.

आता आपल्याकडे वळू. भावनगरला गिजुभाई बधेका हे वकिली सोडून बालशिक्षणात आले. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणत. त्यांच्याबरोबर काम करायला ताराबाई मोडक गेल्या. ताराबाई राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या, ती नोकरी त्यांनी सोडली. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभे केले. तेथे त्या थांबल्या असत्या तर मध्यमवर्गीयांच्या एक उत्तम शिक्षिका म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. त्या काळात अशा मुलीचे आयुष्य कोपऱ्यात संपायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. कोणी म्हणाले असते, 'त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' हे वाक्य आपण आजही ऐकतो. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी त्यांच्या अंगणात जाईल! साहित्य घेऊन त्या वाड्यात गेल्या आणि अंगणातच शाळा भरवली. आज जो शब्द सरकारी कागदोपत्री आणि सर्वांच्या तोंडी आहे, तो 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. परदेशी साधने परवडत नव्हती, म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर आदिवासी मुले गुरे राखायला जातात असे दिसले, तेव्हा गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरवली. बालकाच्या कलाने जाणे म्हणजे काय, याचा याहून चांगला अर्थ मला कोणी सांगितलेला नाही. ते कोठे आहे हे पाहून तेथे जायचे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

येथे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असतील, 'डबे-झाकणे ठीक आहेत. पण मुलगा पहिलीत जाईल तेव्हा त्याला अक्षरे यायला नकोत का? मोकळे सोडले तर तो मागे पडेल.' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जे लोक कागद न वाचता आल्यामुळे फसले, ज्यांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले, ते लोक तो विचारतात. मीही विचारला होता, आणि त्याची किंमत माझ्या मुलीने दिली. ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो.

माझी शाळा सुटली म्हणून मुलीने लवकर शिकावे असा माझा हट्ट होता. ती चार वर्षांची नव्हती तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला पाटीपुढे बसवीत असे. मुळाक्षरे वीस-वीस वेळा गिरवायची. तिची बोटे दुखत. ती रडे. मी म्हणे, 'मला कोणी असे बसवले असते तर!' जिच्यात तिला घातले ती शाळाही माझ्याच मताची. तेथे तीन वर्षांच्या मुलांना घरचा अभ्यास असे. मुलगी शिकली, नोकरीला लागली, गुणी आहे. पण माझ्या घरात भिंतभर पुस्तके असताना तिने त्यांतले एकही आपण होऊन उघडले नाही. मी एकदा कारण विचारले. ती म्हणाली, "बाबा, पुस्तक पाहिले की मला पाटी आठवते." ज्या गोष्टीने मला आयुष्यात आधार दिला, तिच्याविषयीच मी माझ्या मुलीच्या मनात किळस निर्माण केली होती.

अक्षराला विरोध कोणाचाच नाही. मॉंटेसरीबाईंकडे खरखरीत कागदाची अक्षरे होती. मुले डोळ्यांनी पाहत आणि बोटांनी ती चाचपत. त्या आधी कित्येक महिने दट्टे उचलून, बटणे लावून, पाणी ओतून त्यांची बोटे तयार झालेली असत. मग चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली. खडू हाती लागेल तेथे लिहू लागली. यंत्रदुरुस्तीच्या दुकानात आमचे उस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नसत. आधी पाने साफ कर, नट वेगळे कर, आट्या हाताने ओळख. तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणत नसे. मग पाच वर्षांच्या बोटांबाबतच आपल्याला एवढी घाई का?

दुसरा आक्षेप असा की, मुलांना झाडू द्यायचा, भाजी निवडायला लावायची, ही तर बालमजुरी झाली. बालमजुरीशी मी आयुष्यभर भांडलो आहे, म्हणून हा भेद मला नीट सांगता येईल. विडीच्या सुपापुढे बसलेल्या मुलीचे काम दुसऱ्याच्या नफ्यासाठी असते. किती विड्या, किती वेळ, हे दुसरा ठरवतो आणि तिला उठता येत नाही. बालवाडीतले मूल फळी पुसते तेव्हा ते केव्हा पुरे हे त्याचे ते ठरवते. फळी स्वच्छ झाल्यावरही ते पुसत राहते, कारण त्याला फळीपेक्षा पुसणे शिकायचे असते. त्याला उठून जाण्याची मुभा असते. काम दोन्हीकडे हातानेच होते, पण हुकूम कोणाचा हे पाहा.

मोकळीक म्हणजे गोंधळ, असेही कोणी समजू नये. त्या पत्र्याच्या खोलीत दोन नियम होते. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, आणि दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. एवढ्या दोन नियमांवर बावीस मुले दोन तास नांदत होती.

आता माझ्या खात्याची गोष्ट. हे सगळे घडवणारी जी बाई आहे, तिला आपण काय देतो? तिच्या मोबदल्याला 'वेतन' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. त्यात मान किती आणि धन किती, हे तिला विचारा. सकाळी आहार शिजवणे आणि वाटणे, मुलांची वजने, लसीकरण, गरोदर बायांच्या घरी भेटी, सर्वेक्षणे, रजिस्टरे, आणि २०२१ पासून भ्रमणध्वनीवर पोषण ट्रॅकर. कागदावर सहा सेवा आहेत, त्यांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. प्रत्यक्षात बाकीच्या पाच सेवा उरकल्यावर जो वेळ राहील तो शिक्षणाचा. बालक वीस मिनिटे झाकणांशी झगडत असताना गप्प बसून पाहायला स्वस्थता लागते. जिचे लक्ष निम्मे माहिती भरण्याकडे आहे, ती बाई लवकर झाकण बसवून देईल आणि मोकळी होईल. मुलाला मोकळीक द्यायची तर आधी बाईला उसंत मिळाली पाहिजे.

महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या. पन्नास दिवसांच्या वर तो संप चालला. त्या वेळी कोणी कोणी म्हणाले, 'खिचडी वाटायला एवढे पैसे कशाला?' २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि तो देताना अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण चालते याचीही नोंद घेतली. न्यायालयाला जे दिसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना का दिसू नये?

दोष माझ्याही पदरात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आली. आम्ही त्यासाठी भांडलो. पाळणे मोजले, दाई आहे की नाही पाहिले, दुधाची वाटी पाहिली. त्या खोलीत मूल दिवसभर करते काय, हे एकाही मागणीपत्रात आम्ही विचारले नाही. मूल रडत नाही म्हणजे सगळे ठीक, असे आम्ही धरून चाललो. सान लोरेंझोच्या मालकांपेक्षा आमची दृष्टी फार वेगळी नव्हती.

त्या दिवसानंतर आमच्या मागणीपत्रात मी एक ओळ घातली : रोज सलग दोन तास सेविकेला मुलांखेरीज दुसरे काम सांगू नये. वाटाघाटीत पैशाच्या मागण्यांवर खल होतो. ही ओळ आली की समोरचे अधिकारी हसतात आणि पान उलटतात. ती मागणी अजून मिळालेली नाही. दर वेळी मी ती पुन्हा लिहितो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आणि खेळातून, कृतीतून शिक्षण असावे असे म्हटले. शब्द चांगले आहेत. पण धोरण पत्र्याच्या खोलीपर्यंत पोचते की नाही, हे पाहायचे कोणी? ते तुम्ही पाहावे, एवढ्यासाठी मी हा विषय घेतला.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसा, आणि मला सांगितले तसे तुम्हालाही सांगतो, बोलू नका. दुसरे, आपल्या नातवंडाला शाळेत घालताना इमारत आणि फी विचारण्याआधी एवढेच पाहा की साधने मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत की कपाटात कुलपात आहेत. तिसरे, सेविका पुन्हा रस्त्यावर बसल्या तर त्यांच्यापुढून तोंड फिरवून जाऊ नका. थांबून विचारा, 'बाई, मुले कशी आहेत?'

माझी नात आता तीन वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिने माझ्या पुस्तकांच्या खालच्या फळीवरची सगळी पुस्तके काढली, जमिनीवर उंचीप्रमाणे लावली, एक मध्येच चुकले म्हणून पुन्हा काढली. माझा हात पुढे गेला होता. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, मला नुसत्या डोळ्यांनी थांबवले. मी थांबलो. पुस्तके परत जागेवर जायला पाऊण तास लागला. त्यांतले शेवटचे पुस्तक माझ्या मुलीने हातात घेतले, जरा चाळले आणि मग फळीवर ठेवले.